अप्रेझर झालात? पहिल्या मीटिंगआधी एवढं करून ठेवा

प्लॅब (परदेशी डॉक्टरांना यूकेत काम करण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा) देऊन यूकेत आलेले आपले बरेच मराठी डॉक्टर आता कन्सल्टंट (हॉस्पिटलातले सीनियर स्पेशालिस्ट) किंवा जीपी (फॅमिली डॉक्टर) झालेत, आणि 'अप्रेझर (दुसऱ्या डॉक्टरांच्या कामाचा वार्षिक आढावा घेणारा डॉक्टर) होणार का' अशी विचारणाही व्हायला लागलीये. होच म्हणा. पण ट्रेनिंगचा कोर्स झाला म्हणजे तयारी झाली असं नाही.

आधी आपलं काम काय नि काय नाही ते पक्कं करा. डिसेंबर २०१२ पासून रिव्हॅलिडेशन (डॉक्टरचं लायसन्स चालू ठेवायचं का याची तपासणी) सुरू झालं, साधारण दर पाच वर्षांनी होतं, त्याची शिफारस रिस्पॉन्सिबल ऑफिसर (संस्थेने यासाठी नेमलेला सीनियर डॉक्टर) करतो आणि निर्णय जीएमसीचा, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल मेडिकल कौन्सिलचा. आपल्या वाट्याला दरवर्षीचं अप्रेझल, म्हणजे पास-नापास आपल्या हातात नाहीच. एमबीबीएसच्या व्हायव्हाला बसणाऱ्या एक्स्टर्नलची खुर्ची मनातून काढून टाका, आपल्या लोकांना हे जरा जड जातं कारण त्याच खुर्चीसमोर घाम गाळून मोठे झालोय ना.

मग अप्रेझलसाठी तुम्हाला मिळालेली डॉक्टरांची नावं बघा. क्लिनिकमधला पार्टनर, नातेवाईक, ज्याच्याशी कधी वाजलंय असा कोणी असेल तर लगेच अप्रेझल लीडला (अप्रेझरांचं काम बघणाऱ्याला) कळवा. महाराष्ट्र मंडळात एकत्र गणपती बसवणारे म्हणतील की नुसती ओळख आहे, मी तरी टाळेन. आणि एकाच डॉक्टरचं लागोपाठ तीन वर्षांपेक्षा जास्त करता येत नाही, तेही मोजून ठेवा.

गुड मेडिकल प्रॅक्टिस (डॉक्टरने कसं वागावं याची जीएमसीची मार्गदर्शिका) परत वाचा, जानेवारी २०२४ पासून नवीन आवृत्ती लागू आहे, चार डोमेन, म्हणजे विभाग, आहेत पण नावं बदललीत.

त्या डॉक्टरचा पोर्टफोलिओ (वर्षभराच्या कामाच्या पुराव्यांची फाइल) दोन आठवडे आधी हातात पडेल असं बघा, आणि उघडल्यावर सर्टिफिकेटांच्या ढिगात न शिरता आधी स्कोप ऑफ वर्क (कामांची यादी) वाचा. प्रायव्हेट क्लिनिक, मेडिकोलीगल (कोर्टकचेरीसाठीचे) रिपोर्ट, शिकवणं, रविवारी क्रिकेट क्लबचा डॉक्टर म्हणून उभं राहणं, डॉक्टर म्हणून केलेलं सगळं त्यात यायला हवं, आणि हेच नेमकं लिहायचं राहतं. मग सीपीडी (चालू शिक्षण), क्वालिटी इम्प्रूव्हमेंट, सिग्निफिकंट इव्हेंट (कामातल्या गंभीर घटना), तक्रारी नि कौतुक, पेशंटचा नि सहकाऱ्यांचा फीडबॅक (हे दोन्ही पाच वर्षांत एकदा तरी). पेशंटचं नाव किंवा ओळख पटेल असं काही दिसलं तर मीटिंगची वाट न बघता काढायला सांगा.

खरी मेहनत रिफ्लेक्शनवर, म्हणजे अनुभवातून काय शिकलो हे डॉक्टर स्वतः लिहितो त्यावर. लोक दोन ओळी लिहून मोकळे होतात, आळस असतोच पण भीतीही असते, २०१८ साली डॉ. हदीझा बावा-गार्बांच्या केसनंतर (लहान पेशंटच्या मृत्यूसाठी दोषी ठरलेल्या डॉक्टर, त्या वर्षी त्यांचं नाव रजिस्टरमधून काढलं गेलं होतं) ती फार वाढली, आपलंच लिखाण आपल्यावर उलटेल म्हणून. जीएमसी चौकशीसाठी डॉक्टरकडे रिफ्लेक्टिव्ह नोट्स मागत नाही, कोर्ट मात्र मागू शकतं, त्यामुळे 'काही होत नाही हो' असं बिनधास्त सांगू नका. घटनेचा तपशील कमी, त्यातून काय बदललं ते जास्त, असं लिहायला सुचवा. आणि जे लिहिलेलं नाही ते तोंडी काढून घ्यायला दोन-चार उघडे प्रश्न (हो-नाहीत न संपणारे) कागदावर तयार ठेवा. 'यंदा कुठल्या पेशंटमुळे तुमची पद्धत बदलली?' हा माझा आवडता. विचारा आणि गप्प बसा, आपल्याला मध्येच सल्ला द्यायची भारी खाज!

ऑक्युपेशनल हेल्थ (कर्मचाऱ्यांच्या तब्येतीचा विभाग), बीएमएचं (डॉक्टरांच्या संघटनेचं) काउन्सेलिंग, इंग्लंडात असाल तर प्रॅक्टिशनर हेल्थ (डॉक्टरांसाठीची मानसिक आरोग्य सेवा), यांचे नंबर जवळ ठेवा, कारण दार बंद झाल्यावर लोक रडतात, सीनियर लोकसुद्धा. रिस्पॉन्सिबल ऑफिसरच्या ऑफिसचा नंबरही हवाच, पेशंटच्या सुरक्षेला धोका आहे असं काही बोलण्यात निघालं तर अप्रेझल तिथेच थांबवून तिकडे कळवायचं असतं, आणि गोपनीयतेला ही मर्यादा आहे हे सुरुवातीलाच समोरच्याला सांगायचं, नंतर सांगितलं तर दगा वाटतो.

त्या दिवशी दोन-अडीच तास मोकळे ठेवा, ब्लीप (हॉस्पिटलचा पेजर) दुसऱ्याकडे. मागच्या वर्षीच्या पीडीपीचं (डॉक्टरने स्वतःच्या प्रगतीसाठी आखलेल्या योजनेचं) काय झालं ते विचारल्याशिवाय नवीन लिहू नका, आणि नवीनमध्ये 'अपडेट राहणे' असलं काही चालवून घेऊ नका, काय करणार, कधीपर्यंत, झालं हे कसं कळणार ते हवं. मीटिंगची समरी शक्यतो त्याच संध्याकाळी लिहा, शब्द ताजे असताना. अप्रेझल फॉर्ममधली शेवटची पाच विधानं टिक करण्याआधी एकेक वाचा, एखाद्याला 'नाही' म्हणावं लागलं तर कारण लिहा, आणि दोघांचं साइन-ऑफ २८ दिवसांत व्हायला हवं हे कॅलेंडरमध्ये आत्ताच टाकून ठेवा.