युनायटेड कपच्या धर्तीवर तालुक्यांची मिश्र टेनिस स्पर्धा: साताऱ्यात दोन दिवसांत कशी बसवायची

एक महिला एकेरी, एक पुरुष एकेरी आणि शेवटी मिश्र दुहेरी. तीनपैकी दोन सामने जिंकेल त्या संघाची लढत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा हॉपमन कप, म्हणजे देशांच्या मिश्र संघांची स्पर्धा, १९८९ पासून २०१९ पर्यंत असाच खेळला गेला. २०२३ मध्ये सुरू झालेल्या तशाच युनायटेड कपमध्ये पहिल्या वर्षी एका लढतीत पाच सामने होते, पुढच्याच वर्षी ते तीनवर आणले गेले. दोन कोर्ट आणि शनिवार-रविवार हाताशी असेल तर सहा संघांची स्पर्धा यात नीट बसते: सातारा, कराड, वाई, फलटण, कोरेगाव, पाटण.

नोंदणी दोन महिला आणि दोन पुरुष अशी मागा. किमान एक-एक हवेतच. ‘मुलगी मिळत नाही, दोन पुरुषांवर भागवू द्या’ अशी विनंती एखाद्या तालुक्याकडून येतेच. तिथे अजिबात नमू नका. एकदा सूट दिली की पुढच्या वर्षी कोणी मुलींना शोधायलाही जात नाही. महिला खेळाडू आली नाही तर महिला एकेरी आणि मिश्र दुहेरी, दोन्हीत समोरच्या संघाला पुढे चाल, म्हणजे लढतच गेली. हे प्रवेशअर्जावरच छापा.

तीन-तीन संघांचे दोन गट करा आणि प्रत्येक गटाला एक कोर्ट द्या. शनिवारी नऊला पहिली लढत, सव्वा वाजता दुसरी. रविवारी नऊला तिसरी आणि अडीचला दोन्ही गटविजेत्यांची अंतिम लढत. एकूण सात लढती, २१ सामने. दुसऱ्या लढतीत कोण उतरणार हे आधी छापू नका. पहिल्या लढतीत हरलेला संघ तिसऱ्या संघाशी खेळेल, एवढाच नियम ठेवा. जिंकलेल्या संघाला लगेच उतरवलं आणि तो पुन्हा जिंकला, तर गटाचा निकाल शनिवारीच लागतो आणि रविवारची लढत नावापुरती उरते.

एकेरीचा सामना सहा गेमच्या एका सेटचा, ६-६ ला टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडणारा गुणांचा गेम. साधारण ४० मिनिटं जातात. मिश्र दुहेरी चार-चार गेमच्या दोन छोट्या सेटांची ठेवा: ३-३ ला पाच गुणांचा टायब्रेक, त्यात ४-४ झाले तर पुढचा एक गुण निर्णायक. एक-एक सेट झाला की दहा गुणांचा टायब्रेक, त्यात मात्र दोन गुणांची आघाडी लागते. २०१९ च्या हॉपमन कपच्या अंतिम लढतीत एकेरीनंतर १-१ अशी बरोबरी होती. स्वित्झर्लंडचे फेडरर-बेन्चिच आणि जर्मनीचे झ्वेरेव्ह-कर्बर यांची मिश्र दुहेरी ४-०, १-४, ४-३ अशी गेली आणि तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये ४-४ वरच्या एका गुणावर स्वित्झर्लंडने कप नेला.

पंच सगळ्यात जास्त अडखळतात ते मिश्रमधल्या ४०-४० ला. तिथे एकच गुण खेळायचा. सर्व्हिस पुरुषाची असेल तर ती समोरचा पुरुषच घेणार, महिलेची असेल तर महिलाच. आणि परतवणाऱ्या जोडीला बाजू बदलता येत नाही. समजा कराडची महिला डाव्या बाजूने परतवते आहे आणि वाईची महिला सर्व्हिस करते आहे. मग ती सर्व्हिस डाव्या चौकटीतच पडली पाहिजे. पंच सवयीने उजवीकडे उभं करतात आणि वाद पेटतो. शनिवारी सकाळी सगळ्या पंचांकडून हा एक गुण कोर्टावर करून घ्या.

दुसरी एकेरी खेळणारा खेळाडू थेट मिश्रमध्ये उतरतो, त्यामुळे मध्ये ३० मिनिटं विश्रांती सक्तीची करा. आधी महिला एकेरी की पुरुष, हे दर लढतीला आलटूनपालटून ठेवा. नाहीतर दमलेला भिडू कायम एकाच बाजूचा राहतो. एकेरीची नावं कर्णधारांनी लढतीआधी अर्धा तास बंद चिठ्ठीत द्यावीत आणि मिश्र जोडी दुसरी एकेरी संपल्यावर दहा मिनिटांत.

जाळी मध्यावर ९१.४ सेंटिमीटर, खांबांशी १.०७ मीटर. दुहेरीच्या जाळीवर एकेरी खेळवताना १.०७ मीटरच्या दोन काठ्या लागतात, एकेरीच्या रेषेबाहेर ९१.४ सेंटिमीटरवर. नसल्या तर रेषेवरची जाळी खाली राहते आणि रेषेलगतचे फटके फुकट निघून जातात. मिश्र सुरू होण्याआधी त्या काढा.

डिसेंबर-जानेवारीत मुरमाच्या कोर्टावर दव असतं. नऊच्या आधी खेळवलं तर चेंडूची लव ओल धरते, चेंडू जड होतो आणि फक्कीच्या रेषा पायाखाली पुसल्या जातात. रोलर आणि पाणी आदल्या संध्याकाळी, फक्की सकाळी. प्रत्येक सामन्याला तीन चेंडूंचा नवा डबा, म्हणजे २१ डबे आणि वर तीन जास्तीचे. पैसे कमी पडले तर दोन्ही एकेरी एका डब्यात भागवा, पण मिश्रला नवाच फोडा. हीच स्पर्धा पाचगणी-महाबळेश्वरला घेतलीत तर मात्र उंचावरचे वेगळे चेंडू मागवा. १,२१९ मीटरच्या वर हवा विरळ असते, साधा चेंडू हाताबाहेर उसळतो. शिवाय ऊसतोडीचे दिवस असतात. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे अडकलेल्या फलटण-कराडच्या गाड्यांसाठी हजेरीची वेळ खेळाच्या पाऊण तास आधीची ठेवा.

एकेरीत २-० झालं तरी मिश्र खेळवाच, कारण तिन्ही संघांची एक-एक लढत जिंकून झाली की हिशेब सामन्यांवर येतो. कराडने वाईला ३-० हरवलं, वाईने पाटणला २-१ आणि पाटणने कराडला २-१, तर जिंकलेले सामने कराड चार, पाटण तीन, वाई दोन, कराड पुढे. तेही सारखे निघाले तर सेटची टक्केवारी, मग गेमची. पुढे चाल मिळाली तर एकेरी ६-० आणि मिश्र ४-०, ४-० धरा. दहा गुणांचा टायब्रेक एक सेट आणि एक गेम म्हणून मोजा. हा तक्ता शनिवारी सकाळीच कर्णधारांच्या सह्या घेऊन फलकावर लावा.