पोस्टग्रेसच्या वॉलमध्ये एक ओळ कशी जाते, आणि ते मी कसं शिकलो

डिस्क 100 टक्के भरली होती, क्लायंटचा पोस्टग्रेस डेटाबेस पॅनिक होऊन बंद पडला होता आणि सगळ्यात जास्त जागा खाल्ली होती पीजी एक्सलॉग नावाच्या फोल्डरने. मी सपोर्टला लागून जेमतेम चार महिने झालेले, माझ्यासोबतचा मुलगाही तसाच नवीन, नावात लॉग दिसतंय म्हणजे जुने लॉगच असणार असं दोघांनाही वाटलं आणि आम्ही आतल्या फायली उडवल्या. जागा झाली, पण सर्व्हर काही चालू होईना, चेकपॉइंट रेकॉर्डच, म्हणजे सुरुवात कुठून करायची ती खूणच, सापडत नाही म्हणाला. शेवटी आदल्या रात्रीचा बॅकअप लावावा लागला आणि क्लायंटच्या दिवसभराच्या एंट्र्या गेल्या, त्या बायका-माणसांनी दुसऱ्या दिवशी पावत्या बघून परत टाइप केल्या. ते मला अजून आठवतं. खरं कारण वेगळंच होतं, ह्या फायलींचं अर्काइव्ह, म्हणजे जपून ठेवायची प्रत, जिथे कॉपी व्हायचं ती डिस्क माउंटच नव्हती, म्हणून पोस्टग्रेस एकही जुनी फाइल सोडत नव्हता. ही चूक इतकी लोक करायचे की 2017 मध्ये व्हर्जन 10 ला त्या फोल्डरचं नाव बदलून पीजी वॉल केलं. वॉल म्हणजे राइट-अहेड लॉग, बदल टेबलात लिहायच्या आधी नोंदायची जागा.

त्यानंतर मी ठरवलं की ह्या फायलींमध्ये असतं काय ते बघायचंच. माझे आजोबा आडत दुकानात दिवाणजी होते, त्यांच्याकडे आधी रोजकीर्द आणि मग खतावणी. दिवसभर जे घडेल ते क्रमाने रोजकीर्दीत, आणि मग निवांत ज्याच्या त्याच्या खात्यावर. वॉल म्हणजे रोजकीर्द आणि टेबल म्हणजे खतावणी, एवढं लक्षात आलं की अर्धी भीती जाते. कमिट केलं, म्हणजे बदल कायम केला, की टेबलची फाइल डिस्कवर जायची घाई नसते, रोजकीर्दीतलं पान डिस्कवर पक्कं झालं की बास. खतावणीची पानं नंतर लिहिली जातात, उशिरात उशिरा चेकपॉइंटच्या वेळी, म्हणजे बदललेली सगळी पानं डिस्कवर उतरवायच्या वेळी, तो डिफॉल्टला 5 मिनिटांनी होतो.

पण फरक आहे आणि नवीन लोक इथेच अडकतात. रोजकीर्दीत "अमक्याला 250 दिले" असं लिहितात, वॉलमध्ये तसं काही नसतं. तुमची एसक्यूएल क्वेरी तिथे नाही, कॉलमचं नावही नाही. तिथे असतं ते कुठल्या फाइलच्या कितव्या पेजवर कितव्या जागी हे बाइट ठेवा, एवढंच.

हे वाचून पटत नाही, स्वतः बघा. लॅपटॉपवर पोस्टग्रेस टाका, नवं टेबल बनवा, एक आकडा आणि एक नाव, त्यात 250 आणि मीरा अशी एक ओळ घाला आणि वॉलच्या फाइलवर पीजी वॉलडम्प, म्हणजे तिच्यातल्या नोंदी वाचून दाखवणारा प्रोग्राम, चालवा. हीप, इन्सर्ट, ऑफ 1 अशी ओळ दिसेल (हीप म्हणजे टेबल, ऑफ 1 म्हणजे पेजवरची पहिली जागा) आणि खाली कमिटची ओळ, ती फक्त 34 बाइटची. मग तीच 16 एमबीची फाइल हेक्समध्ये, म्हणजे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या एडिटरमध्ये, उघडा आणि शोधा. मला आधी सापडला एफए 00 00 00, म्हणजे 250, मग लांबी सांगणारा एक बाइट, आणि मग ई0 ए4 एई, म्हणजे म. यूटीएफ-8 मध्ये आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह 3 बाइटचं, म्हणून मीरा चार चिन्हं आणि 12 बाइट. ते नाव तिथे बघितलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं, एवढे दिवस जे फक्त आकृत्यांमध्ये बघत होतो ते समोर पडलेलं होतं.

आणि बघा, पेजवर प्रत्येक ओळीला 23 बाइटचा हेडर असतो, वॉलमध्ये त्यातले 5 च जातात. बाकीचं, म्हणजे ट्रान्झॅक्शनचा नंबर आणि जागा, रेकॉर्डमध्ये आधीच आहे मग परत कशाला लिहायचं.

दुसरा प्रयोग डिलीटचा, हा चुकवू नका. हजारभर ओळी भरा, व्हॅक्यूम, म्हणजे टेबलची साफसफाई, करा, हाताने चेकपॉइंट द्या आणि पहिल्या पेजवरची एक ओळ डिलीट करा. रेकॉर्ड साधारण 8 हजार बाइटचं येईल! लगेच त्याच पेजवरची दुसरी ओळ डिलीट करा, आता फक्त 54. कारण चेकपॉइंटनंतर पेजला पहिल्यांदा हात लागला की पोस्टग्रेस 8 केबीचं अख्खं पेजच वॉलमध्ये टाकतो, लिहिता लिहिता लाइट गेली आणि पेज अर्धं नवं अर्धं जुनं राहिलं तर भरवशाची एक प्रत हवी म्हणून. त्यामुळे चेकपॉइंट फार वरचेवर ठेवले की वॉल फुगतं.

त्या 54 बाइटमध्ये डिलीट झालेली ओळ नसते, फक्त तिची जागा असते. मला एका इंटरव्ह्यूत विचारलं होतं की वॉलमधून डिलीट केलेला डेटा परत काढता येईल का, तेव्हा हा आकडा सांगितला आणि पुढची दहा मिनिटं छान गप्पाच झाल्या. वॉल लेव्हल, म्हणजे वॉलमध्ये किती तपशील जावा ते सेटिंग, लॉजिकल केली तर प्रायमरी की, म्हणजे ओळ ओळखायची खूण, तेवढी येते, अख्खी जुनी ओळ हवी तर टेबलची रेप्लिका आयडेंटिटी, म्हणजे जुन्या ओळीतलं काय नोंदायचं ते सेटिंग, फुल करावी लागते.

अपडेटचं अजून एक सांगतो कारण वॉल वाचून दुसऱ्या सिस्टिमला डेटा देणाऱ्या पाइपलाइनच्या कामात हमखास भेटतं. ओळ साधारण 2 केबीच्या वर गेली की तिच्यातली मोठी व्हॅल्यू टोस्ट नावाच्या वेगळ्या टेबलात जाते आणि अपडेटमध्ये ती बदलली नसेल तर वॉलमध्ये परत येतच नाही. पलीकडे तो कॉलम रिकामा समजून कोणी लिहिला तर चांगला डेटा पुसला जातो. आमच्याकडे असा एक वर्णनाचा कॉलम आठवडाभर पुसला जात होता आणि कोणालाच कळलं नाही.

थिअरी वाचायची तर एरिसचा, म्हणजे असा लॉग वापरून डेटाबेस सावरायच्या पद्धतीचा पेपर, सी. मोहन आणि सहकाऱ्यांचा 1992 चा. मोठा आहे, एकदम नाही जमणार, पण वरचे दोन प्रयोग करून मग घ्या, पेजवरचा एलएसएन, म्हणजे वॉलमधल्या जागेचा नंबर, आणि वॉलचा एलएसएन ताडून का बघतात ते पटकन कळेल. पोस्टग्रेसमध्ये अंडू, म्हणजे रद्द केलेले बदल मागे जाऊन पुसणं, नाही हे मात्र डोक्यात ठेवा, रोलबॅक झालेल्या ओळीही वॉलमध्ये आणि टेबलात तशाच पडून असतात.

शेवटचा प्रयोग, ओळी घाला, कमिट करा आणि सर्व्हर इमिजिएट मोडने बंद करा, म्हणजे चेकपॉइंटला वेळच नाही. परत चालू करून सर्व्हरचा लॉग उघडा. रीडू, म्हणजे वॉल वाचून बदल परत करणं, कुठून सुरू झालं आणि कुठे संपलं ते दोन्ही एलएसएन तिथे लिहिलेले असतील, तेवढाच तुकडा वॉलडम्पला द्या, तुमच्या ओळी त्यातच सापडतील.