गर्दीतला एकटा माणूस टिपताना

कृष्णधवल फोटोसाठी नाशिकच्या मेनरोडवर कॅमेरा घेऊन भटकू नका, एका जागी थांबा. सकाळचं तिरपं ऊन बोळाच्या तोंडाशी पट्ट्यासारखं पडतं आणि मागे काळोख असतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, त्या उन्हावर धरा. सावली काळी झाली तर होऊ द्या. आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) ४००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, शटरचा वेग १/१००० सेकंद, इथपासून सुरुवात करा. मग वाट बघायची. दुकानाच्या बंद शटरसमोर चहाचा ग्लास धरून उभा असलेला पाठमोरा माणूस पुरतो, चेहरा लागतोच असं नाही.

कॅमेऱ्याची स्क्रीन मोनोक्रोमवर (कृष्णधवल), फाइल मात्र रॉमध्येच, म्हणजे सगळे रंग जपणाऱ्या मूळ स्वरूपात ठेवा. गोदाघाटावरचं भगवं उपरणं नंतर एडिटिंगमध्ये केशरी रंगाच्या स्लायडरने उजळता येतं, म्हणजे राखाडी गर्दीत ते उपरणं घेतलेला माणूस एकटाच उठून दिसतो. रामकुंडावर विधीला बसलेल्यांवर कॅमेरा रोखू नका.