३२ किलोमीटरनंतर वेग तुटायचा, तो असा टिकला

२०२६च्या निकषानुसार बोस्टन मॅरेथॉनच्या प्रवेशासाठी ४५ ते ४९ वयाच्या पुरुषांना पूर्ण मॅरेथॉन ३ तास १५ मिनिटांत पूर्ण करावी लागते, म्हणजे किलोमीटरला साधारण ४ मिनिटं ३७ सेकंद (४:३७). एवढ्यावरही प्रवेश पक्का नाही. अर्ज जास्त आले की वेगवान आधी.

माझा वेग ३२ किलोमीटरपर्यंत टिकायचा, पुढे मांड्या दगड व्हायच्या. स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपत आला की असं होतं.

लांब पल्ल्याची धाव बदलली. सुरुवात नागपूरच्या फुटाळा तलावाहून, मुद्दाम हळू, अगदी गप्पा मारता येतील इतकी. शेवटचे १० किलोमीटर मात्र ४:३७नेच. थकलेल्या पायांनी हा वेग काढणं हेच खरं औषध, असं माझं ठाम मत आहे. आठवड्यातून एकदा सेमिनरी हिल्सचा चढ, कारण मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ उशिरा येतो, पाय संपल्यावर. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं, पहिलं एनर्जी जेल (धावताना खायचं गोड, घट्ट द्रव) भूक लागायच्या आधीच. पोटालाही सराव लागतो.

आणि आपल्या नागपूरचा उन्हाळा! मे महिन्यात पहाटे साडेचारलाच निघायचं, घड्याळातला वेग बघायचा नाही, श्वासावर धावायचं.

मुंबईत ३ तास ११ मिनिटं लागली. चढावरही किलोमीटरला ४:४५पेक्षा मंद झालो नाही.