महिलांसाठी स्की बूट निवडताना

नेहमीच्या चपलेचा नंबर इथे विसरा. स्की बुटाचं माप म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. टाच भिंतीला टेकवून उभं राहा आणि दोन्ही पावलं मोजा.

आता बुटातलं मऊ अस्तर काढा, नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा उरली तर माप बरोबर. जास्त उरली, तर बूट मोठा. मोठ्या बुटात टाच उचलली जाते, मग बकल करकचून आवळावे लागतात आणि पाय बधिर होतो. 'जरा सैल बरा' हा सल्ला म्हणूनच ऐकू नका.

अस्तर परत बसवून एकच पातळ मोजा घाला. टाच मागे ठोकून बसवा, बकल लावा. सरळ उभं असताना बोटं पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत. पंधरा-वीस मिनिटं तसंच वावरा.

पोटरी दाबली जात असेल तर बायकांसाठीचं मॉडेल बघा, त्याचा वरचा भाग सहसा बुटका आणि रुंद असतो. शिकाऊंना ६० ते ८० फ्लेक्स, म्हणजे बुटाच्या कडकपणाचा आकडा, पुरतो.