मोफत ईमेल निवडताना या चुका टाळा

ईमेलचं खातं पाच मिनिटांत उघडता येतं, म्हणून सेवा निवडायलाही लोक तेवढाच वेळ देतात. हवं ते नाव मोकळं दिसलं की घेऊन टाकतात. पुढे खातं अडकलं की धावाधाव सुरू होते. अशी खाती सोडवून द्यायला माझ्याकडे बरेच जण येतात आणि चुका त्याच त्या असतात. मोफत सेवेत तुमची बाजू ऐकून घ्यायला सहसा कोणी माणूस नसतो. फॉर्म भरायचा, उत्तर यंत्र देतं. त्यामुळे सेवा निवडताना मी दोनच गोष्टी आधी बघते: पासवर्ड किंवा फोन गेला तर आत परत कसं शिरता येईल, आणि उद्या ही सेवा सोडायची ठरली तर जुन्या मेल सोबत नेता येतील का.

रिकव्हरीचा रकाना 'नंतर बघू' म्हणून सोडणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. खातं उघडताना पर्यायी ईमेल आणि फोन नंबर विचारतात, तिथे 'आत्ता नको' दाबून लोक पुढे जातात. काही जण भरतात, पण नंबर बदलल्यावर तो रकाना पुन्हा उघडून बघत नाहीत.

माझ्या ओळखीतल्या एका अनुवादक बाईंचं असंच झालं. त्यांचा फोन बिघडला, नवा घेतला. पासवर्ड त्यांना पाठ होता. पण नवं उपकरण दिसल्यावर सेवेने कोड मागितला, आणि तो जाणार होता त्यांच्या कधीच्या बंद झालेल्या नंबरवर. दुसरा पर्याय म्हणजे रिकव्हरीचा ईमेल, तो सोडलेल्या नोकरीतला. दोन्ही दारं बंद. त्यांनी घाईघाईने तोच फॉर्म पुन्हा पुन्हा भरला, दर वेळी वेगळे अंदाज लिहून, आणि सेवेने त्यांना काही काळ प्रयत्न करायलाच मनाई केली. तोवर कळलं की बँकेपासून वीजबिलापर्यंत सगळीकडचं 'पासवर्ड विसरलात?' याच मेलबॉक्समध्ये येतं. शेवटी मुलाकडच्या जुन्या लॅपटॉपवर त्यांचं खातं उघडंच राहिलेलं सापडलं. तिथून पासवर्ड टाकून रिकव्हरीचा नंबर बदलता आला. तो लॅपटॉप विकलेला असता तर वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार गेला होता.

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी हात थांबवा. नेहमीचं उपकरण, नेहमीचं ब्राउझर आणि नेहमीचं इंटरनेट वापरून एकदाच, शांतपणे प्रयत्न करा. ओळखीच्या ठिकाणाहून आलेल्या प्रयत्नावर यंत्रणा जास्त विश्वास ठेवते. अंदाजाने दहा उत्तरं देणं म्हणजे आपण मालक नाही असा पुरावा आपणच देणं.

माझी स्वतःची सवय अशी: खातं उघडलं की त्याच बैठकीत टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) सुरू करायचं, फोन हाताशी नसताना चालणारे बॅकअप कोड कागदावर उतरवून महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवायचे आणि मग दुसऱ्या यंत्रावरून आत शिरून बघायचं. हे जमल्याशिवाय तो पत्ता मी कोणालाही देत नाही. नवशिक्यांना हे फार वाटतं. 'मला कोण हॅक करणार' हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही, समोर बसवून कोड लिहून घेते.

प्रोटॉन मेलसारख्या एन्क्रिप्टेड, म्हणजे मेल कुलूपबंद ठेवणाऱ्या सेवेत तर हे जास्तच जपायला हवं. तिथे पासवर्ड रीसेट करून खातं परत मिळालं, तरी रिकव्हरी फ्रेज (हे कुलूप उघडणारे ठरावीक शब्द) किंवा फाइल जपून ठेवली नसेल तर जुन्या मेल सहसा वाचता येत नाहीत. कंपनीलाही त्या उघडता येत नाहीत, आणि त्या सेवेचा मुद्दाच तो आहे. गोपनीयता हवी असेल तर ही जबाबदारी घ्यावीच लागते.

जीबीचा आकडा बघून निवड करणं

ही सवय २००४ पासूनची आहे. हॉटमेल २ एमबी देत असताना जीमेलने १ जीबी देऊ केले आणि तेव्हापासून लोक आकडेच मोजत बसले. साधी मेल ५० केबीची धरली तर १ जीबीत वीस हजार मेल मावतात. बहुतेकांना जागा मेलमुळे कमी पडत नाही.

ती पडते इतर गोष्टींमुळे. जीमेलचे १५ जीबी ड्राइव्ह आणि फोटोंमध्येही वाटले जातात, आणि १ जून २०२१ पासून नवे फोटो या हिशोबात धरले जातात. फोन आपोआप फोटो चढवत राहतो, जागा भरते आणि मेल येणं बंद होतं. पाठवणाऱ्याला मेल परत जाते, तुम्हाला काहीच दिसत नाही. 'चार दिवस मेलच नाही' असं झालं तर आधी जागा तपासा. मग शोधात आकाराची गाळणी लावून मोठ्या अटॅचमेंटच्या मेल काढा, आणि ट्रॅशही रिकामा करा. तिथे पडलेल्या मेलही जागा खातात.

बाकीच्या चुका

खातं उघडून पडू देणं: गूगल दोन वर्षं न वापरलेली खाती काढू शकतं, याहू १२ महिन्यांनी मेलबॉक्स रिकामा करू शकतं, तर टुटा या प्रोटॉनसारख्याच एन्क्रिप्टेड सेवेच्या मोफत खात्याला सहाच महिन्यांची मुदत आहे. नुसत्या मेल येत राहणं म्हणजे वापर नव्हे, लॉगिन करावं लागतं.

ऑफिसचा, कॉलेजचा किंवा इंटरनेट कंपनीचा पत्ता खासगी कामाला वापरणं: नातं संपलं की पत्ता संपला.

आयमॅप (दुसऱ्या प्रोग्रॅममधून मेल वाचण्याची सोय) न तपासणं: प्रोटॉनच्या मोफत खात्यात थंडरबर्डसारखा मेल वाचायचा प्रोग्रॅम जोडता येत नाही, टुटात तर पैसे भरूनही नाही. तुम्हाला हे चालत असेल तर खुशाल घ्या, पण माहीत असू द्या.

पत्त्यात जन्मवर्ष घालणं: नका घालू.

अटॅचमेंटला २५ एमबीची मर्यादा म्हणजे २५ एमबीची फाइल जाईल असं समजणं: मेलमध्ये बसवताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. १८ एमबीच्या पुढे मी लिंकच पाठवते.

आणि नवं खातं आवडलं म्हणून जुनं त्याच दिवशी बंद करणं. हा उतावळेपणा मला अजिबात पटत नाही. २०१३ मध्ये याहूने न वापरलेले पत्ते नव्या लोकांना दिले आणि त्यांच्याकडे आधीच्या मालकांच्या खासगी मेल यायला लागल्या. जुन्या खात्यातून नव्याकडे फॉरवर्डिंग लावा, म्हणजे मेल आपोआप पुढे जातील. मोफत खात्यात ती सोय नसेल तर दर आठवड्याला आत डोकावा. जुन्या पत्त्यावर कोणाची मेल आली की तिथे लगेच नवा पत्ता नोंदवा, आधी बँक आणि सरकारी कामं, मग बाकीचं. वर्षभराने तिथे फक्त जाहिराती उरतात. तरीही मी ते खातं बंद करत नाही, मुदतीच्या आत एकदा लॉगिन करून ठेवते.