कॉम्प्युटर सतत ‘अ‍ॅक्टिव्हेट करा’ म्हणतोय? आधी म्हणतंय कोण ते शोधा

जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. अ‍ॅक्टिव्हेशनच्या मेसेजला वैतागून मशीन घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे बंद कसं करायचं? मी उलट विचारते: हे मागतंय कोण? विंडोज, ऑफिस, अँटिव्हायरसची संपलेली ट्रायल आणि ब्राउझरमध्ये शिरलेली एखादी लबाड साइट, हे चौघंही जवळपास त्याच शब्दांत लायसन्स मागतात. इलाज मात्र प्रत्येकाचा वेगळा आहे.

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरं दिसत असतील तर ते बहुधा विंडोजच. वेगळी खिडकी उघडत असेल तर तिच्यातलं कुठलंही बटण दाबू नका. ती समोर असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीत तिचं नाव शोधा, त्यावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ घ्या. जो फोल्डर उघडेल त्याच्या नावावरून मालक कळतो. आणि मेसेजमध्ये फोन नंबर दिला असेल तर पुढे काही तपासायचं कारणच नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. तो नंबर लावायचा नाही, कुणालाही रिमोटवर (दुरून आपलं मशीन चालवायला) आत घ्यायचं नाही. ब्राउझर टास्क मॅनेजरमधून बंद करा, मग ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनच्या परवानग्या पाहा आणि अनोळखी साइट्स काढून टाका. बहुतेक वेळा कधीतरी घाईत ‘अलाउ’ दाबलेलं असतं, तेवढंच.

विंडोजवर संशय असेल तर त्यालाच विचारू या. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात इंग्रजी अक्षरांत एस-एल-एम-जी-आर, एक स्पेस, पुढे जाणारा स्लॅश, आणि लगेच एक्स-पी-आर लिहून एंटर करा. काही सेकंदांत उत्तर येतं. ‘पर्मनंटली अ‍ॅक्टिव्हेटेड’ आलं तर विंडोजचं लायसन्स ठीक आहे, मागणारं दुसरं कुणीतरी आहे. ‘व्हॉल्यूम अ‍ॅक्टिव्हेशन’ आणि पुढे एक तारीख आली तर गोष्ट वेगळी. ते एखाद्या संस्थेचं लायसन्स असतं. संस्थेच्या सर्व्हरशी संपर्क झाला की १८० दिवसांची मुदत मिळते, आणि संपर्क होत राहिला तर ती वाढत राहते. ऑफिसातून निघालेला लॅपटॉप कुणी सेकंडहँड घेतला की तो सर्व्हर पुन्हा कधीच भेटत नाही, आणि काही महिन्यांनी मेसेज सुरू होतो. यात कॉम्प्युटर बिघडलेला नसतो, लायसन्सच तुमचं नसतं. विकणाऱ्याला गाठा, नाहीतर मशीनच्या मूळ लायसन्सवर विंडोज नव्यानं टाका.

ते मूळ लायसन्स बरेचदा मशीनमध्येच असतं, हे लोकांना माहीत नसतं. विंडोज ८ किंवा त्यानंतरचं विंडोज घालून आलेल्या ब्रँडेड मशीनची ‘की’, म्हणजे लायसन्सचा कोड, मदरबोर्डच्या (आतल्या मुख्य सर्किट बोर्डाच्या) चिपमध्येच लिहिलेली असते. विंडोज ७ च्या काळातल्या मशीनवर मागे किंवा तळाशी २५ अक्षरांचा स्टिकर असतो. मात्र आवृत्ती जुळावी लागते. मशीन विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीचं असेल आणि कुणी हौसेनं ‘प्रो’ आवृत्ती टाकली असेल, तर होमची की कितीही खरी असली तरी प्रो तिला मानत नाही. असली मशीन्स माझ्याकडे सारखी येतात. इलाज म्हणजे होम टाकणं. ते नेटला जोडलं की बहुतेक वेळा आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं.

आता जुन्या मशीनचं खास दुखणं: तारीख. डेस्कटॉप रात्री मेनपासून बंद केला आणि सकाळी घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं दिसलं, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. तारीख चुकली की सुरक्षित कनेक्शनची सर्टिफिकेट्स चुकीची ठरतात, लायसन्सच्या सर्व्हरशी बोलणं होत नाही, आणि विकत घेतलेली प्रोग्रॅमही मुदतीबद्दल कुरकुरायला लागतात. म्हणून लायसन्सच्या खोलात शिरण्याआधी माझी नजर घड्याळाकडे जाते.

सेलवर सीआर२०३२ लिहिलेलं असतं, तो ३ व्होल्टचा. बदलण्याआधी एक गोष्ट नक्की करा: बायोसमध्ये (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) जाऊन प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या. सेल काढला की तिथली सेटिंग्ज पुसून कारखान्यातल्या मूळ स्थितीत जाऊ शकतात, आणि हार्ड डिस्कचा मोड बदलला तर विंडोज चालूच होत नाही. मग मेनची वायर काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा. सेलच्या कडेची छोटी पट्टी नखानं बाजूला केली की तो स्वतःच वर उचलला जातो. नवा सेल अधिकचं चिन्ह वर ठेवून बसवा. चालू केल्यावर बायोसमध्ये तारीख आणि फोटोतली सेटिंग्ज भरा, मग विंडोजच्या तारीख-वेळेच्या पानावर ‘सिंक नाउ’ दाबा. लॅपटॉपमध्ये हा सेल बहुधा प्लास्टिकात गुंडाळलेला आणि वायरनं जोडलेला असतो. सवय नसेल तर ते काम जाणकाराकडून करून घ्या.

मदरबोर्ड बदलला असेल तर विंडोज १० ला ते मशीनच नवं वाटतं. मशीनबरोबर आलेलं लायसन्स जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स हलवता येतं. ते आधी मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेलं असेल तर सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ‘ट्रबलशूट’मधून हार्डवेअर बदलल्याचं सांगा.

ऑफिसची गोष्ट बहुतेकदा साधी निघते. मशीनबरोबर आलेली ट्रायल तशीच आहे, आणि शेजारी विकत घेतलेलं ऑफिस. पैसे मागते ती ट्रायल. वर्डमध्ये फाइल, मग अकाउंट उघडा. जिथे ‘प्रॉडक्ट अ‍ॅक्टिव्हेटेड’ दिसेल ते ठेवा, दुसरं अनइन्स्टॉल करा. तुमची कागदपत्रं त्यानं जात नाहीत. विकतचं काहीच नसेल तर लिब्रेऑफिस हे ऑफिससारखंच फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्याला कीच लागत नाही.

‘सपोर्ट संपला’ हा मेसेज मात्र यातला नाही. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्यानं लायसन्स रद्द होत नाही. पण नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबतात, तेव्हा अशा मशीनवर बँकेचं काम करू नका.

राहिला लायसन्सशिवाय विंडोज किंवा ऑफिस चालू करून देतो म्हणणारा फुकटचा अ‍ॅक्टिव्हेटर. तो टाकू नका, हे मी प्रत्येकाला कळकळीनं सांगते. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी त्याची पहिलीच अट असते, आणि मग अ‍ॅडमिनच्या अधिकारानं तो आत काय काय ठेवतो ते आपल्याला दिसत नाही. आधीच टाकला असेल तर फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढा, प्रोग्रॅमच्या फाइल्स नेऊ नका, डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्यानं टाका, आणि ईमेल व बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. लायसन्स घेणं परवडत नसेल तर त्याच पुसलेल्या डिस्कवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा, वायफाय आणि प्रिंटर चालतात का ते तपासा, मगच इन्स्टॉल करा.